कंपनीच्या गाडीत जीपीएस बसतोय: सही करण्याआधी काय विचाराल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आहात. सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी हा पट्टा तुमच्याकडे. कंपनीने दिलेली गाडी तुम्ही रात्री घरी नेता, रविवारी घरच्यांना घेऊन बाहेरही पडता आणि त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. आता पुढच्या महिन्यापासून सगळ्या गाड्यांत जीपीएसचा डबा, म्हणजे ट्रॅकर, बसणार. एचआरने एका पानाचा संमतीचा फॉर्म पाठवलाय. त्यातच, चाचणी म्हणून आधी डबा बसवलेल्या एका सहकाऱ्याच्या गाडीचा स्क्रीनशॉट मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रविवारी दुपारी गाडी नांदुरीला, सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. तुम्ही विचारताय की कंपनीला हे करता येतं का, सही नाकारली तर काय होईल आणि डबा काढून टाकला तर चालेल का.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं हेच काम करतो. गाड्यांना ट्रॅकर बसवून देतो, सॉफ्टवेअर लावून देतो, आणि भांडणं सुरू झाली की कंपनीला नियमही लिहून देतो. माझं पोट या डब्यावर चालतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. मी वकील नाही. कायद्याचा जेवढा भाग या कामात रोज आडवा येतो, तेवढाच सांगतो.

डबा बसवता येतो का, हे तुम्ही आधी विचारलंत, पण तुमची खरी अडचण तो स्क्रीनशॉट आहे. रविवारची नोंद मॅनेजरला दिसली कशी? ती बघायचं त्याला काम काय होतं? आणि ती ग्रुपवर टाकायची मुभा त्याला कुणी दिली? तुमच्या फॉर्मवर याचं उत्तर नाही, आणि भांडायचंच असेल तर ते यावर भांडा. गाडी कंपनीच्या नावावर असताना डब्यालाच विरोध केलात तर बहुतेक हरालच, आणि वर ‘याला काहीतरी लपवायचंय’ हा शिक्का बसेल.

अर्थात काही गोष्टींवर उत्तर बदलतं. गाडी तुमच्या नावावर असून कंपनी फक्त किलोमीटरमागे पैसे देत असेल, तर तुमच्या परवानगीशिवाय तिला हात लावायचा प्रश्नच येत नाही. गाडी परमिटवर चालणारी टॅक्सी किंवा बस असेल, तर उलट टोक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-एच या नियमाने सार्वजनिक प्रवासी वाहनांना ट्रॅकर आणि पॅनिक बटण सक्तीचं केलंय, तिथे ड्रायव्हरला आणि मालकाला दोघांनाही पर्याय नाही. तुमची गाडी या दोन्हींच्या मधली आहे. बसवायची सक्ती नाही, पण बसवायला मनाईही नाही.

आता डबा नेमकं काय करतो ते समजून घ्या, कारण वाटाघाटीला बसलेल्या माणसाला हे माहीत नसलं की समोरचा काहीही गळी उतरवतो. डॅशबोर्डच्या मागे मुठीएवढी पेटी असते. तिला बॅटरीची वायर, इग्निशनची वायर आणि आत एक सिमकार्ड. गाडी चालू असताना ती दर काही सेकंदांनी जागा, वेग आणि वेळ सर्व्हरला पाठवते. गाडी बंद झाली की हीच नोंद विरळ होते, पण थांबत नाही. आत छोटी बॅटरी असते, त्यामुळे मुख्य वायर काढली तर ‘पॉवर कट’चा मेसेज लगेच ऑफिसात जातो. काही मॉडेलना माइक जोडता येतो आणि ऑफिसातून गाडीतलं बोलणं ऐकता येतं. तुमच्याकडच्या डब्याला माइक आहे का, हे लेखी विचारा. मालाच्या गाडीसाठी हे विचारणं कदाचित जास्त वाटेल. ज्या गाडीत तुमची बायको-मुलं बसतात तिथे ते पहिल्या दिवशी विचारायचं.

स्क्रीनवर दिसतो तो नुसता ठिपका. पण महिन्याभराचे ठिपके एकाखाली एक ठेवले की माणूस दिसायला लागतो. रात्री गाडी कुठे असते, दर गुरुवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या कुठल्या दवाखान्याबाहेर थांबते, मुंबई नाक्यावरच्या कुठल्या दुसऱ्या कंपनीच्या गेटवर ती अर्धा तास होती (म्हणजे इंटरव्ह्यू), कुठल्या युनियनच्या ऑफिसाजवळ गेली. हे शोधायला हुशारी लागत नाही, रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून ‘हॉल्ट’च्या, म्हणजे थांब्यांच्या, रकान्याने लावला की झालं. ‘मी काही चुकीचं करत नाही, मग मला काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांना मी हा रिपोर्ट त्यांच्याच गाडीचा काढून दाखवतो. पुढे वाद होत नाही.

दुसऱ्या बाजूने, हा ठिपका खोटंही बोलतो. उघड्या आकाशाखाली जागा चार-पाच मीटरच्या आत बरोबर येते, पण उंच इमारतींमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी गाडी स्क्रीनवर पलीकडच्या गल्लीत फिरून येते. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या बोगद्यात शिरलात की सुमारे आठ किलोमीटर आकाशच नाही. उपग्रहाचा सिग्नल तुटतो आणि पलीकडे निघेपर्यंत ऑफिसला जागा कळत नाही. त्र्यंबकच्या डोंगराळ भागात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा डबा नोंदी साठवून ठेवतो आणि रेंज आली की एकदम ओततो. ज्याला हे ठाऊक नाही तो सुपरवायझर ‘तू दोन तास गायब होतास’ म्हणून मोकळा होतो. म्हणून नुसत्या जीपीएसच्या नोंदीवर कुणाचा पगार कापायचा नाही, हा नियम मी कंपन्यांना लिहून द्यायला लावतोच.

कंपनीची बाजूही ऐका, ती पोकळ नाही. डिझेलची बिलं आणि किलोमीटर जुळत नाहीत. पिंपळगावहून द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून फोन येतो की शीतगृह बंद पडलंय, तेव्हा सगळ्यात जवळ कोण आहे ते कळायला हवं असतं. गाडी चोरीला गेली तर पहिला तास महत्त्वाचा. अपघात झाला तर वेग किती होता याची नोंद कधी कधी ड्रायव्हरलाच वाचवते. द्वारका चौकात कुठल्याही दिवशी पाऊण तास जाऊ शकतो, आणि उशीर का झाला हे सिद्ध करायला तुमच्याच बाजूचा पुरावा मिळतो. ओव्हरटाइमचंही तसंच. येत्या सिंहस्थात रस्ते बंद होतील, वळवले जातील, तेव्हा हीच नोंद तुम्हाला उपयोगी पडेल.

पण माझ्या पाहण्यात गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. डबे बसले की पहिला महिना साहेब दिवसभर नकाशाच बघत बसतात. मग कंटाळा येतो आणि स्क्रीन बंद होते. त्यानंतर ती उघडते फक्त कुणावर तरी राग असला की. डिझेलसाठी घेतलेली नोंद दांडीसाठी वापरली जाते, दांडीसाठीची नोंद बढती अडवायला. सगळ्यांच्या नोंदी आहेत, पण तपासल्या जातात एकाच्याच. मला सगळ्यात जास्त धोका यात वाटतो, आणि फॉर्मवर ‘उद्देश’ लिहून घेण्याचा खटाटोप याच्यासाठीच करायचा.

कायद्याचं सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं ठरवलं. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचे असतात, त्यामुळे खासगी कंपनीसमोर हा निकाल नाचवून फारसं काही होत नाही. तुमच्या उपयोगाचा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मे महिन्याच्या सुमारास लागू व्हायच्या आहेत. त्याआधीचे २०११चे माहिती तंत्रज्ञान नियम पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे अशा माहितीला संवेदनशील मानतात. गाडीचं ठिकाण त्या यादीत नाही.

नव्या कायद्यातली एक तरतूद मात्र आजच वाचून ठेवा. कलम ७ म्हणतं की नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरता येते. म्हणजे कंपनीला तुमची सही बहुधा लागणारच नाही! मग फॉर्म कशाला? एक तर ट्रॅकरवाल्याने दिलेला तयार नमुना एचआरने पुढे ढकललाय, किंवा उद्या वाद झाला तर ‘तुम्हीच हो म्हणालात’ असं दाखवायला कागद हवाय. तोच कायदा कलम ६ मध्ये संमती कशी असावी तेही सांगतो. ती मुक्त हवी, नेमक्या कारणापुरती हवी, आणि दिलेली संमती मागे घेता यायला हवी. नोकरी जाईल या भीतीने केलेली सही मुक्त कशी म्हणायची? म्हणून मी कर्मचाऱ्यांना सांगतो की ‘संमती देतो’वर सही करण्यापेक्षा ‘ही सूचना मला मिळाली, वाचली’ असं लिहून सही करा. कंपनीचं काम अडत नाही आणि तुमच्या तोंडी नको ते शब्द येत नाहीत.

आता कलम ७ मधले शब्द तुमच्या रविवारला लावून बघा. कुटुंबाला घेऊन गडावर जाणं हे नोकरीचं कारण नाही. गाडी चोरीला जाऊ नये हे मात्र नुकसान टाळण्याचं कारण आहे, आणि चोर रविवारी सुट्टी घेत नाही. म्हणजे रविवारी डबा जिवंत ठेवायला कंपनीकडे कारण आहे, पण रविवारी मॅनेजरने स्क्रीन बघायला नाही. माझ्या मते सगळा तोडगा इथे आहे. डबा चोवीस तास चालू द्या, पण कामाच्या वेळेबाहेरची नोंद मॅनेजरला दिसता कामा नये.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये लॉगिननुसार वेळ ठरवता येते. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात सोडून बाकी वेळ मॅनेजरच्या लॉगिनला नकाशा कोरा दिसतो, किलोमीटरचा आकडा तेवढा वाढत राहतो. दुसरा मार्ग डॅशबोर्डवरचं ‘खासगी’ बटण. डब्याला जादा वायर असली तर ते जोडता येतं, फक्त इंजिनीअर लोक सकाळी ते बंद करायला विसरतात आणि त्यावरून नवी भांडणं होतात. मला वेळापत्रकच बरं वाटतं. एक बारकावा विचारा: ती नोंद नुसती झाकलेली आहे, की साठवलीच जात नाही? झाकलेली असेल तर ती कोण उघडू शकतो, आणि उघडली तर त्याची नोंद राहते का? चोरी किंवा अपघात झाला तर उघडावी, पण तुम्हाला कळवून.

रविवारी गाडी वापरायची मुभा आहे हे कागदावर आहे का, तेही आजच तपासा. ऑफर लेटर बघा, कार पॉलिसी बघा, आणि बहुतेक जण विसरतात तो कागद म्हणजे फॉर्म १६. कंपनीची गाडी कामाला आणि घरच्या वापरालाही असेल, तर त्या वापराची ठरावीक रक्कम पर्क्विझिट (नोकरीतून मिळणारी सोय) म्हणून सहसा तुमच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. तशी ती धरलेली दिसली तर उत्तम! रविवारची गाडी तुम्ही चोरून वापरत नाही, तिच्यावर कर भरताय, आणि कंपनीने ते आयकर खात्याला स्वतः कळवलंय. ती धरलेली नसेल, तर बहुधा कंपनीच्या हिशेबात गाडी पूर्ण कामाचीच आहे, आणि अशा गाडीच्या प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर ठेवणं कंपनीला आयकरासाठी भाग असतं. जीपीएसचा रिपोर्ट हेच लॉगबुक होऊन बसतो. अशा वेळी नांदुरीच्या ठिपक्यावरून वाद घालणं तुमच्या अंगाशी येऊ शकतं. आधी घरच्या वापराची परवानगी लेखी घ्या, खासगीपणाचं मग बोला.

फॉर्मबद्दल बोलायला एकटे जाऊ नका. फिरतीवरचे चार-पाच जण मिळून, आधी एचआरकडे, आणि शक्यतो ज्याने डब्यांचा खर्च मंजूर केला त्या साहेबांकडे. वकिलाची नोटीस, कायद्याची कलमं असं पहिल्याच भेटीत काढू नका. कागदावर साध्या मराठीत एवढंच मागा की नोंद कशासाठी वापरणार ते लिहा, बघणाऱ्यांची नावं किंवा पदं लिहा, कामाच्या वेळेबाहेरचं दिसणार नाही हे लिहा, नोंद किती दिवसांनी पुसणार ते लिहा. मी साधारण नव्वद दिवस सुचवतो. डिझेलचा आणि ओव्हरटाइमचा हिशेब तेवढ्यात मिटतो. एखादा अपघात किंवा चौकशी चालू असेल तर त्या गाडीपुरती जास्त. स्क्रीनशॉट काढून कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, हे वेगळं वाक्य हवंच, बाकी सगळ्यात मिसळून जाता कामा नये. आणि नोंदीवरून कुणाला जाब विचारायचा असेल, तर आधी ती नोंद त्याला दाखवायची आणि त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं. या शेवटच्या मागणीचा आग्रह धरा. आपलीच नोंद मागायचा नव्या कायद्यातला हक्क मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीला लागतो. नोकरीच्या कारणाने घेतलेल्या माहितीला तो आपोआप लागत नाही, म्हणून तो कंपनीच्या नियमातच लिहून घेतलेला बरा.

युनियन असेल तर काम सोपं. नसेल तरी, तुम्ही हाताने आणि डोक्याने तांत्रिक काम करता, त्यामुळे हुद्द्यात ‘इंजिनीअर’ असला तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार असू शकता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, कामगारांच्या सेवाशर्तींत ठरावीक प्रकारचे बदल करायचे तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि शिस्तीचे नवे नियम हा त्यातला एक प्रकार आहे. जीपीएस त्यात बसतो का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. डबा नुसता बसवला तर कदाचित नाही, पण त्याच्या नोंदीवरून मेमो निघायला लागले तर मुद्दा भक्कम होतो. हा टप्पा आला तर कामगार कायद्याचा वकील गाठा. औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींच्या (डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधींच्या) संघटना इलेक्ट्रॉनिक पाळतीविरुद्ध बरीच वर्षं मागण्या करताहेत, त्यांच्या नाशिकमधल्या माणसांशी बोललात तर व्यवहारातलं पुष्कळ कळेल.

डबा काढायचं मनातून काढून टाका. फ्यूज काढणं, अँटेनावर फॉइल गुंडाळणं, हे सगळं सर्व्हरवर दिसतं, आणि तिथून पुढे विषय तुमच्या खासगीपणाचा राहत नाही, कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाडीचा होतो. बाजारात मिळणारे सिग्नल जॅमर तर सरकारी परवानगीशिवाय वापरणंच बेकायदेशीर आहे. आजूबाजूच्या चार गाड्यांचे आणि फोनचे सिग्नल तुम्ही मारता, पोलिसांना त्याचं उत्तर द्यावं लागेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पाऊल बहुतेक ठिकाणी हेच असतं म्हणून सांगतो. डब्याचा खर्च परवडत नाही म्हणून कंपनी उद्या म्हणेल, ‘त्यापेक्षा सगळ्यांनी फोनमध्ये हे अ‍ॅप टाका.’ त्याला मात्र सहज हो म्हणू नका. गाडी पार्किंगमध्ये लावून माणूस निघून जातो, फोन खिशात बरोबर येतो, आणि तो तुमच्या पैशाने घेतलेला असतो. अ‍ॅप घ्यावंच लागलं तर कामाचा वेगळा फोन मागा. तो मिळेपर्यंत लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच ठेवा, ‘नेहमी’ नको, आणि कॉन्टॅक्ट, फोटो, माइक यांची परवानगी तर अजिबातच नको. हजेरीसाठी त्यातलं काहीही लागत नाही.

त्या सहकाऱ्याच्या स्क्रीनशॉटबद्दल शेवटचं. त्यावर ग्रुपमध्ये वाद घालू नका. त्याची इच्छा असेल तरच, त्याने स्वतः एचआरला दोन ओळींचा मेल करावा. अमुक तारखेला सुट्टीच्या दिवसाची माझ्या गाडीची नोंद ग्रुपवर टाकली गेली, ती काढावी आणि नोंद कोणकोणाला दिसते ते कळवावं, एवढंच. उत्तर आलं तर नियम लिहायला सुरुवात झाली असं धरा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर तो मेल पुन्हा पाठवायचा, या वेळी साहेबांना प्रत लावून. तुमच्या फॉर्मची मुदत त्याआधी संपत असेल, तर सहीच्या वर आपल्या हाताने ‘फक्त कामाच्या वेळेतील नोंदीबाबत सूचना मिळाली’ असं लिहा, तारीख टाका, आणि कागद परत देण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.